विळी, जपानी सुरी आणि आमचा गहिवर

होळीच्या आधी चार दिवस पुरणासाठी हरभऱ्याची डाळ आणायला मी स्वतः दाल बाजारात जातो, हा आमच्या घरातला जुना नेम. डाळ घरपोच येण्याची सोय आता झाली आहे हे मला ठाऊक आहे. परंतु मूठभर डाळ उजेडात धरून पाहिल्यावाचून आणि व्यापाऱ्याशी भावाची दोन वाक्ये बोलल्यावाचून घेतलेली डाळ नीट शिजत नाही, अशी माझी समजूत आहे. यंदा माझ्या पिशवीत डाळीच्या चिठ्ठीखेरीज आणखी दोन वस्तू होत्या. एक घरची विळी, धार लावून आणण्यासाठी काढलेली. आणि दुसरी, जाड कागदात गुंडाळलेली एक जपानी सुरी.

दुकानात गर्दी नव्हती. डाळ मोजून झाल्यावर मी ती सुरी काट्यावर ठेवायला सांगितली. आकडा आला एकशे चाळीस ग्रॅम. म्हणजे जुन्या हिशेबाने अडीच छटाकही नाही. मग विळी ठेवली. ती पाटासकट भरली एक किलो नऊशे. दुकानदार हसून म्हणाला, "बाबूजी, ये तो तलवार से भी भारी है." त्याचे म्हणणे खरे होते. साधारण तलवार किलोभराच्या आसपासच भरते. आमच्या आईने, आजीने आणि त्यांच्या सासवांनी रोज दोन वेळा जे हत्यार पुढे ओढले, ते सरदारांच्या कमरेच्या हत्यारापेक्षा जड होते, हा विचार मला त्या काट्यापुढे उभा असताना प्रथमच सुचला. सत्तरी ओलांडल्यावर सुचला, हेही कबूल करायला हवे.

ही सुरी आमच्या घरी आली ती गेल्या दिवाळीत. माझा पुतण्या कामानिमित्त ओसाकाला होता. परत येताना त्याने काकूसाठी ती शेजारच्या साकाई शहरातून आणली. पाते वीतभरापेक्षा कमी, पाठीकडे जेमतेम दोन मिलिमीटर जाड, आणि धारेकडे असे निमुळते होत गेलेले की उजेडात धरले तर धार कोठे संपते आणि हवा कोठे सुरू होते हे कळू नये. आमच्या मंडळातील एका वृद्ध स्नेह्यांनी ती पाहिली आणि लगेच उसासा टाकला. "विळी गेली, तेव्हाच स्वयंपाकाची चव गेली," ते म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मला लिहायचे आहे ते त्या मान डोलावण्याविषयी.

विळीची थोरवी मला मान्य आहे, आणि ती नुसत्या गहिवराने मान्य नाही. विळी हे फार बुद्धीने घडवलेले यंत्र आहे. सुरीत भाजी स्थिर आणि पाते हलते; विळीत पाते स्थिर आणि भाजी हलते. त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात, पाट पायाने दाबून धरता येतो, आणि जोर मनगटाचा न लागता अंगाचा लागतो. म्हणूनच तिचे वजन हा तिचा दोष नव्हे. जड आहे म्हणून ती हलत नाही. काही भागांत तिला मोरळी म्हणतात, गोव्याकडे आदोळी; कानडी घरांत ईळिगेमणे असते आणि बंगाली घरात बोटी. आपल्याकडे लोक जमिनीवर बसून रांधत आले, तेथे बहुधा हे स्थिर पाते दिसते. टोकाला खवणी असते ती नारळासाठी. लष्करातल्या आमच्या घरी नारळ हा पाहुणाच असल्यामुळे ती खवणी वर्षातून गणपतीच्या दिवसांत तेवढी खरखरत असे. पण ती नसलेली विळी कोणी घेतल्याचे मला आठवत नाही.

दौलतराव शिंद्यांच्या छावणीचा तळ १८१० च्या सुमारास येथे पडला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर झाले. त्या लष्कराबरोबर जी मराठी कुटुंबे आली, त्यांनी दक्षिणेतून देव आणले, पोथ्या आणल्या, कुलाचार आणले. आणि बायकांनी विळ्या आणल्या असणार. पोथ्या कोणी आणल्या याची नोंद कित्येक घराण्यांत आहे. विळ्यांची नोंद कोण ठेवणार!

आता दुसरी बाजू. विळीवर बसत कोण होते? आमच्या घरी रोज चौदा माणसे पंगतीला असत. दुपारचे चार वाजले की आई विळी ओढून बसे, ती दिवेलागणीपर्यंत. अळूची देठी सोलणे, पडवळाच्या चकत्या, घेवड्याच्या शेंगा, कोबी, कांदा. वडील कोशिंबिरीच्या बाबतीत फार काटेकोर. काकडी किती बारीक चोचवली आहे यावर ते पानावर बसून मत देत, आणि ते मत बहुधा बरोबर असे. परंतु त्यांना विळीवर बसलेले मी एकदाही पाहिले नाही. घरातल्या पुरुषाला विळीपाशी बोलावले जाई ते एकाच कामासाठी. अखंड कोहळ्याला किंवा भोपळ्याला बाईने पहिली चीर द्यायची नाही, असा रिवाज होता. तेव्हा हाक येई; वडील येत, उभ्या उभ्या कोयत्याचा एक घाव घालत आणि हात झटकून निघून जात. पुढच्या फोडी आईच्या. मीही पुढे पस्तीस वर्षे हेच केले. त्या मंडळात माना डोलावणाऱ्या आम्हा सहा जणांपैकी एकानेही आयुष्यात पाव किलो कांदा विळीवर चिरलेला नव्हता. विळीसाठी आमचा गळा दाटून येतो, कारण आमचे गुडघे तिच्यापाशी कधी झिजलेच नाहीत.

झिजले ते आमच्या सौ.चे. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसण्याची मनाई केली. विळी ओट्यावर ठेवून पाहिली. ओट्यावर विळी चालत नाही, याचे कारण अगदी साधे आहे: तेथे पाट दाबायला पाय नसतो आणि वरून द्यायला अंगाचा भार नसतो. ती सरकते, आणि सरकणारे उभे पाते ही भीतीची गोष्ट आहे. ओट्याला पकडून बसवायच्या विळ्याही मिळतात. आमच्या घरी त्या टिकल्या नाहीत. मग आली बाजारातली दीडशे रुपयांची सुरी. ती चिरत नसे, चिरडत असे. टोमॅटोवर धरली की टोमॅटो आधी दबे आणि मग फुटे. आमच्या घरच्या कोथिंबिरीचा रंग त्या काळात काळपट झाला. चवही गेली, हे मी नाकारत नाही. फक्त ती विळी गेल्यामुळे गेली असे आम्ही म्हणत राहिलो. खरे कारण बोथट धार हे होते.

येथे जपानकडे पाहण्यासारखे आहे. जपानी माणूसही पूर्वी जमिनीवर बसूनच चिरत असे. इदो काळातल्या चित्रांत माणसे गुडघे मोडून बसलेली दिसतात आणि पुढे छोट्या चौरंगासारखी, पाय असलेली फळी असते. पुढे तेथेही ओटा उंच झाला आणि स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. पण त्यांचे पाते हातात होते, आमचे पाटात रुतलेले होते. तेथे माणूस उठला तेव्हा पातेही त्याच्याबरोबर उठले. आमच्याकडे बाई उठली आणि विळी खालीच राहिली.

शिवाय त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट घडली. मेइजी सरकारने १८७६ साली तलवार बाळगण्यास बंदी करणारा हुकूम काढला. तलवारी घडवणाऱ्या लोहारांचे काम एकाएकी बसले आणि त्यांतले कित्येक स्वयंपाकाच्या व शेतीच्या हत्यारांकडे वळले. साकाईला त्याच्याही आधीपासून तंबाखू चिरण्याच्या सुऱ्या घडत होत्या आणि त्यांची कीर्ती होती. मध्ये कठीण पोलादाचा पातळ पदर आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंडाचे आवरण, ही तलवारीच्या कारागिरीतलीच जाण भाजीच्या सुरीतही दिसते. त्याच सुमारास बादशहाने मांसाहारावरची जुनी बंधने सैल केली आणि पाश्चात्त्य धर्तीची एक लांब सुरी तेथे आली. तिच्या जपानी नावाचा अर्थ मी आमच्या देवघराजवळ उच्चारणार नाही. त्यात गोवंश आणि तलवार असे दोन्ही शब्द आहेत. आमच्या घरी आली आहे ती त्यातली नव्हे. हिला 'सांतोकु' म्हणतात, म्हणजे तीन गुणांची. मांस, मासळी आणि भाजी तिन्हींना चालणारी. ती विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास घराघरांत रूढ झाली. आणि शुद्ध शाकाहारी घरासाठी 'नाकिरी' नावाची चौकोनी पात्याची निराळी सुरी आहे, जिचे काम भाजीपाला चिरणे एवढेच. एकादशी पाळणाऱ्या वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पातळपणाने होते काय? जाड पाते गाजरात शिरते ते पाचरीसारखे. अर्ध्यावर गेले की गाजर पुढच्या पुढे तडकते. म्हणजे ते चिरलेले नसते, फोडलेले असते. पातळ पाते वाटेतून निघून जाते आणि काप सपाट निघतो. कोबीच्या सुतासारख्या तारा निघतात आणि त्यांना पाणी सुटत नाही. कांद्याचेही तसेच. कांद्याच्या पेशी फुटल्या म्हणजे डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. तो तयार करणारा विकर २००२ साली जपानी संशोधकांनीच शोधून काढला आणि २०१३ साली त्यांना त्यासाठी तो गमतीचा 'इग नोबेल' मिळाला. बोथट सुरी पेशी चिरडते, म्हणून ती अधिक रडवते. हे आईला कोणी सांगितले नव्हते, पण विळीची धार उतरली की ती म्हणे, "आज कांदा डोळ्यांना फार लागतोय, विळी पाजवून आणा."

या पातळपणाला किंमत मोजावी लागते. नुसती पैशाची म्हणत नाही; तीही आहेच. अशा सुरीच्या पैशांत दाल बाजारातून घरची वर्षाची तूरडाळ येईल. दुसरी किंमत सांभाळण्याची. युरोपी सुरीचे पोलाद रॉकवेल मापाने छप्पन-अठ्ठावन्न कठीण असते, या सुरीचे साठाच्या वर. धारेचा कोन तिकडे एका बाजूस वीस अंश, इकडे पंधरा किंवा त्याहूनही कमी. कठीण म्हणून धार टिकते, आणि कठीण म्हणूनच ती ठिसूळही असते. नारळ, सुरण, अखंड भोपळा, शीतपेटीत गोठलेला जिन्नस, यांवर ती चालवायची नाही. कपारीत अडकवून पिळायची नाही. ओली ठेवायची नाही. दगडी ओट्यावर टेकवायची नाही, लाकडी फळी हवी.

आणि कोठल्याही चाकावर ती घासायची नाही, हे मी नुकसान सोसून शिकलो. त्या दिवशी डाळ घेऊन मी जवळच्याच लोहिया बाजाराकडे वळलो आणि तिकडच्या एका गल्लीत धार लावणाऱ्याकडे गेलो. विळी त्याने उत्तम पाजवली. माझा लोभ वाढला. दिवाळीपासून वापरात असलेली जपानी सुरी थोडी मंदावली होती, ती मी पुढे केली. विजेच्या चाकाला टेकताच ठिणग्या उडाल्या आणि मी ओरडेपर्यंत टोकाकडची बोटभर धार निळी पडली. पोलाद निळे पडले म्हणजे त्याचे पाणी उतरले. तेवढ्या भागाची कठीणता गेली. त्या माणसाचा दोष मी मानत नाही. त्याचे चाक कोयत्यांसाठी आणि कात्र्यांसाठी होते, आणि न विचारता हत्यार पुढे करणारा शहाणा मीच होतो.

ही सुरी पाण्याच्या दगडावर, हातानेच, सावकाश पाजवायची असते. असा दगड मी मागवला. एका बाजूने हजार नंबरचा, दुसऱ्या बाजूने तीन हजारांचा. दगड भिजवायचा, पाते पंधरा अंशांत तिरपे धरायचे, आणि एकाच कोनाने पुढे-मागे न्यायचे. हे लिहायला सोपे आहे. मला कोन साधायला दोन महिने लागले. त्या काळात आईची एक युक्ती आठवली. ती घरातली छोटी सुरी लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीच्या बुडावर घासत असे. त्या बुडाच्या कडेला झिलई नसते, आणि ती खरबरीत कडा सुरीला चांगली लागते. मागल्या दारची दगडी पायरीही त्याच कामी येई. त्या पायरीला पडलेली खाच मी लहानपणापासून पाहत आलो होतो, ती कशाची हे मात्र कधी विचारले नव्हते. मग तोच प्रयोग मी दीडशे रुपयांच्या सुरीवर केला. तासभर घासून तिचे पाते धारेकडे पातळ केले आणि कोन बारीक केला. सांगायला संकोच वाटतो, पण ती जवळजवळ त्या पाहुणीइतकीच चिरू लागली. तिचे पोलाद मऊ, म्हणून चार दिवसांनी पुन्हा बरणीकडे न्यावी लागते, एवढाच फरक. तेव्हा माझ्या मते गुण जपानचा कमी आणि धारेचा अधिक आहे. ज्यांना ती महागडी सुरी परवडत नाही त्यांनी हळहळू नये. आणि ज्यांनी घेतली आहे, पण पाहुण्यांना दाखवण्यासाठी पेटीत ठेवली आहे, त्यांच्याविषयी न बोलणे बरे.

धार लावणाऱ्याला धार तपासावी लागते. मी आधी कागदावर तपासत असे. सौ. म्हणाली, "कागद कापून काय होणार? कांदे तेवढे चिरून द्या." अशा रीतीने मी फळीपुढे उभा राहिलो. पहिल्या आठवड्यात माझ्या दोन बोटांना चिंध्या होत्या. आता रोजची कोशिंबीर माझ्याकडे आहे. विळीने मला जे इतक्या वर्षांत करू दिले नाही, किंवा मी करू दिले नाही, ते या अडीच छटाकांच्या पात्याने तीन महिन्यांत केले. विळीपुढे बसायचे म्हणजे एक आसन होते, आणि त्या आसनावर कोणी बसायचे हे घरात ठरलेले होते. सुरीला आसन नाही. ओट्यापाशी जो उभा असेल त्याच्या हातात ती येते. सून ऑफिसातून आली की ती घेते, नातू काकडीवर हात चालवून पाहतो. तिच्या हलकेपणाचे मोल मला येथे दिसते.

सौ.चे मत निराळे आहे आणि ते लपवणे बरे नव्हे. तिला ही सुरी अद्याप पुरती पटलेली नाही. "हाताला काही लागतच नाही हो. चिरतेय की नाही कळत नाही, आणि बोट कापले तरी कळायचे नाही," असे ती म्हणते. जिने चाळीस वर्षे दोन किलोंच्या हत्यारावर विश्वास टाकला, तिला हा बिनवजनाचा कारभार उथळ वाटणारच. ती खुर्चीत बसून, मेजावर फळी ठेवून, मी पाजवलेली जुनी छोटी सुरीच वापरते. कोथिंबीर दुसऱ्या दिवशीही हिरवी राहते, एवढे मात्र तिने कबूल केले आहे.

विळीबरोबर एक गोष्ट खरोखर गेली. कार्याच्या घरी आदल्या रात्री अंगणात जाजम टाकून दहा-बारा विळ्या ओळीने मांडल्या जात. आळीतल्या बायका आपापली विळी घेऊन येत. प्रत्येकीचा हात आपल्याच विळीला बसलेला. भोपळा, बटाटा, कोबी यांचे ढीग होत आणि मध्यरात्रीपर्यंत बोलणे चाले. कोणाच्या मुलीचे कोठे जमते आहे, कोणाच्या घरात काय दुखते आहे, हे सारे तेथे निघे. सुरीने चिरणारा माणूस भिंतीकडे तोंड करून एकटा उभा असतो. याला माझ्याजवळ उत्तर नाही.

पण एक सूचना आहे, आणि ती मंडळातल्या माझ्या वयाच्या सभासदांसाठी आहे. दसऱ्याला शिंदे घराण्याचे शमीपूजन मांढरे की माता येथे होते, ते पाहायला आपण जातो. आदल्या दिवशी खंडेनवमीला आपापल्या घरी जुनी तलवार, जंबिया, निदान अडकित्ता पाटावर मांडतो. विळीलाही फूल वाहतो. ती बोथट असली तरी वाहतो. तोक्योच्या उएनो भागात तळ्यातल्या एका देवळापाशी वापरून झिजलेल्या सुऱ्यांचे स्मारक आहे. देऊळ आहे बेंतेनचे, म्हणजे आपल्या सरस्वतीचे. पाटीवर सरस्वती काढून शेजारी हत्यारे मांडणाऱ्या आपल्या लोकांना हे परके वाटू नये. मला एवढेच म्हणायचे आहे की खंडेनवमीच्या आदल्या रविवारी मंडळाच्या व्हरांड्यात चार दगड आणि पाण्याची बादली ठेवावी, आळीतल्या घराघरांतल्या सुऱ्या आणि विळ्या मागवाव्यात, आणि विळीच्या नावाने उसासे टाकणाऱ्या आम्ही पुरुषांनी त्या पाजवून द्याव्यात. यंदा मी ही सूचना मांडली तेव्हा सभेत चहा आला आणि विषय राहून गेला. पुढल्या वर्षी पुन्हा मांडणार आहे.

घरी मात्र यंदा पाटावर दोघी शेजारी होत्या, दोघीही मी पाजवलेल्या. दसऱ्याला घारग्यांसाठी लाल भोपळा आला. सौ.ने नेहमीप्रमाणे हाक मारली, "अहो, पहिली चीर देता ना?" कोयता सापडेना. सवयीने माझा हात जपानी सुरीकडे गेला. तिने तो धरला.

"ती नव्हे. विळी घ्या."

मी विळी जमिनीवर ठेवली आणि पाट ओढला. बसायला मला दोन मिनिटे लागली, उठायला पाच.